बारावीनंतर कॉलेज की भरती? गावाकडच्या पोराचं गणित

माण-खटावकडे किंवा शिरोळ-कागलच्या पट्ट्यात पहाटे साडेचारला गाडी चालवत असाल तर वळणावर जरा जपून. अंधारात रस्त्याच्या कडेनं पोरं पळत असतात. आठ-दहा जणांचं टोळकं, पायात उसवलेले बूट, एकाच्या हातात मोबाइल, त्यावर स्टॉपवॉच. त्यांना विचारलं, "काय करता?" तर एकच उत्तर येतं: "भरती करतोय." भरती 'द्यायची' असते हे पुस्तकातलं. गावाकडं भरती 'करतात', आणि ती दोन-तीन वर्षं चालते.

शहरातल्या माणसाला यावर हमखास प्रश्न पडतो: ही पोरं कॉलेजात का जात नाहीत? त्याची दोन उत्तरंही तयार असतात. एक, देशप्रेम. दोन, अभ्यास जमत नाही. दोन्ही थोडी थोडी खरी आहेत, पण तेवढ्यावर गाडी पुढं जात नाही.

मुळात यातली बरीच पोरं कॉलेजात आहेत. बी.ए. किंवा बी.कॉम.ला प्रवेश घेतलेला असतो, आयकार्ड असतं, एसटीचा सवलतीचा पास असतो. वर्गात मात्र ती क्वचित दिसतात. म्हणजे कॉलेज सोडून सैन्य निवडलं असा सरळ मामला नाही. कॉलेज बाजूला ठेवलंय, कारण ते नंतरही करता येतं आणि भरती नंतर करता येत नाही. माझ्या मते सगळ्याची मेख इथं आहे. बाकीची कारणं या एका गोष्टीभोवती फिरतात.

वय निघून जातं

१४ जून २०२२ रोजी केंद्र सरकारनं अग्निपथ योजना जाहीर केली. तेव्हापासून लष्करात शिपाई पदावर जाणारा 'अग्निवीर' म्हणून, चार वर्षांसाठी जातो. योजनेत ठरलेली वयोमर्यादा साडेसतरा ते एकवीस वर्षं. सगळ्यांत जास्त जागा असलेल्या जनरल ड्युटी प्रकारासाठी, म्हणजे पोरांच्या भाषेत 'जीडी'साठी, शिक्षण लागतं दहावी पास, एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ३३.

आता बारावी संपलेल्या अठरा वर्षांच्या पोराच्या जागी बसून बघा. त्याच्या हातात तीन वर्षं आहेत. आधी पदवी घेतली तर ती हातात येईपर्यंत तो एकविशीला पोचतो आणि एजबार होतो. उलट आधी भरती केली आणि नाही जमली, तर कॉलेज कुठं पळून जात नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून तिशीतही पदवी घेता येते. दोन दारांपैकी एक तीन वर्षांत कायमचं बंद होणार असेल तर शहाणा माणूस आधी कुठल्या दारावर थाप मारेल? या पोरांना कोणी अर्थशास्त्र शिकवलेलं नाही, पण हिशेब चोख आहे.

वय निघून जाण्याची भीती किती खरी आहे हे कोविडनं दाखवलं. २०२०-२१ आणि २०२१-२२ ही दोन वर्षं लष्कराची भरती झालीच नाही. काहींचं ग्राउंड झालं होतं, मेडिकल झालं होतं, फक्त लेखी राहिली होती. ती लेखी पुढं ढकलत ढकलत शेवटी रद्द झाली आणि अग्निपथ आली. पहिल्या वर्षापुरती मर्यादा तेवीसपर्यंत वाढवली गेली, तरी अनेकांचं वय तोवर उलटून गेलेलं होतं. त्या पोरांचे धाकटे भाऊ आता पळतायत, आणि ते एक दिवसही वाया घालवायला तयार नाहीत.

पदवीचा भाव काय चाललाय?

दुसरी बाजू कॉलेजची. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालात एक आकडा आहे: २०२२ साली देशातल्या पदवीधर तरुणांमधली बेरोजगारी २९.१ टक्के, आणि ज्यांना लिहितावाचता येत नाही अशा तरुणांमधली ३.४ टक्के. याचा अर्थ शिकू नये असा काढायचा नाही. न शिकलेल्याला बेकार बसणं परवडतच नाही. तो मिळेल त्या रोजावर जातो. पदवीधर वाट बघत बसतो, कारण त्याच्या शिक्षणाला साजेसं काम गावात नसतं आणि शहरात जे मिळतं त्यात खोलीभाडं सुटत नाही.

गावातल्या पोरानं हे अहवालात वाचलेलं नसतं, घरात बघितलेलं असतं. चुलतभाऊ एम.ए. झाला, मग पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करत बसला. अभ्यासिकेची फी, मेसचा डबा, पुस्तकं, सगळं वडिलांनी उसाच्या बिलातून पाठवलं. तिशी आली आणि भाऊ परत आला. कॉलेजची फी अनुदानित संस्थेत तशी फार नसते. घर मोडतं ते पदवीनंतरच्या या वाट बघण्यात.

२०२४ च्या महाराष्ट्र पोलीस भरतीत सतरा हजारांच्या आसपास जागांसाठी सतरा लाखांहून जास्त अर्ज आले. पोलीस शिपायाला शिक्षण लागतं बारावी, पण रांगेत पदवीधर होते, पदव्युत्तर होते, इंजिनीअरही होते. पदवी घेऊनही शेवटी १६०० मीटर पळायचंच असेल, तर अठराव्या वर्षीच का पळू नये? हा प्रश्न मला एका पोरानं विचारला होता. मी विषय बदलला.

पैशाचं गणित

अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये ठरलेले आहेत. त्यातले ३० टक्के कापून 'सेवा निधी' नावाच्या खात्यात जातात, हातात येतात २१,०००. दुसऱ्या वर्षी ३३,००० पैकी २३,१००, तिसऱ्या वर्षी ३६,५०० पैकी २५,५५०, चौथ्या वर्षी ४०,००० पैकी २८,०००. चार वर्षांत हातात आलेली रक्कम होते ११ लाख ७२ हजारांच्या आसपास. कापलेले पैसे होतात ५ लाख २ हजार, तेवढेच सरकार घालतं, आणि व्याजासह बाहेर पडताना साधारण ११ लाख ७१ हजार मिळतात, करमुक्त. शिवाय राहणं, जेवण, कपडे फुकट, आणि ४८ लाखांचा विमा, ज्याचा हप्ता भरावा लागत नाही.

शहरातल्या आयटीवाल्याला हे आकडे किरकोळ वाटतील. पण तुलना आयटीशी नाहीच. तुलना आहे चौथ्या वर्षी हातात बी.ए.चं प्रमाणपत्र घेऊन एमआयडीसीत कंत्राटी कामाला लागलेल्या मित्राशी. त्याच चार वर्षांत भरती झालेला घरी पैसे पाठवत असतो. कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन-साडेतीन एकर. दोन भावांत वाटणी झाली की उरतं काय? अशा घरात दरमहा एका तारखेला खात्यात येणारा पैसा कर्ज फेडतो आणि बहिणीचं लग्न उरकतो. शेतीला पैसा लागतो तेव्हा तो हमखास नसतो, हे ज्याच्या घरी शेती आहे त्याला सांगायला नको.

आणि लग्न. हा विषय लेखांतून टाळला जातो, गावाच्या पारावर मात्र सगळ्यांत आधी निघतो. शेती करणाऱ्या पोराला मुलगी द्यायला कोणी तयार नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या पोशाखात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला होता. लोक हसले, पण मोर्चातले रडकुंडीला आलेले होते. अशा ठिकाणी 'मुलगा मिलिटरीत आहे' या एका वाक्याला काय किंमत असते ते सांगायला हवं का? (अग्निवीराला मात्र भरतीच्या वेळी अविवाहित असावं लागतं आणि चार वर्षांत लग्नाची परवानगी नाही. म्हणजे स्थळं यायला लागतात, पण बोलणी पुढं सरकत नाहीत, मुलीकडचे विचारतात, "चार वर्षांनी काय?")

परंपरा म्हणजे नक्की काय?

साताऱ्याजवळचं अपशिंगे गाव सरकारदरबारीही 'अपशिंगे मिलिटरी' म्हणून ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या गावचे ४६ जवान कामी आले. ब्रिटिशांनी त्यांच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ गावात आहे. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे. मराठा लाइट इन्फंट्रीची मुळं १७६८ पर्यंत जातात, केंद्र बेळगावला. महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावातच उभी राहिली. या भागात घराच्या भिंतीवर वर्दीतला आजोबा, वर्दीतला बाप आणि आता वर्दीतला नातू असे फोटो ओळीनं लावलेले दिसतात. सुट्टीवर आलेला साधा शिपाई असला तरी गाव त्याला 'मेजर' म्हणतं, आणि एसटीत उठून जागा देतं.

याला आपण 'रक्तातच आहे' म्हणतो आणि मोकळे होतो. मला हे स्पष्टीकरण अपुरं वाटतं. रक्तात असतं तर शंभर किलोमीटरवरच्या दुसऱ्या दुष्काळी गावातल्यांच्याही असतं की! फरक माहितीचा आहे. ज्या गावात निवृत्त सुभेदार आहे तिथं भरतीचा फॉर्म कधी निघतो, डोमिसाईल कोणतं लागतं, कानातला मळ काढून जायचा, दाखल्यावर आईचं नाव आधारशी जुळलं पाहिजे, हे सगळं चहाच्या टपरीवर फुकट कळतं. रेजिमेंटच्या केंद्रात आजी-माजी सैनिकांच्या मुलांसाठी आणि भावांसाठी वेगळी भरतीही होते. पोरं तिला 'रिलेशन भरती' म्हणतात. एक जण गेला की तो दुसऱ्याला ओढतो. गावात एक इंजिनीअर झाला असता तर कदाचित त्यानंही ओढले असते, पण तो पुण्याला गेला तो तिकडचाच झाला. फौजी निवृत्त होऊन गावात परत येतो, बंगला बांधतो, सकाळी देवळाच्या मैदानात पोरांना पळवतो. दिसणारं यश हे असं असतं, आणि पोरं दिसणाऱ्या गोष्टीमागं जातात.

मैदानावर

२०२३ पासून क्रम बदलला. आधी मैदान आणि मग लेखी असं असायचं; आता आधी संगणकावर सामाईक प्रवेश परीक्षा, ती निघाली तरच मैदान. त्यामुळं पूर्वी नुसत्या पायांवर पार होणारा पहिला टप्पा आता गणित आणि सामान्य ज्ञानावर आला. पळण्यात तरबेज पण शाळेत मागं राहिलेल्या पोरांची यात पंचाईत झाली.

मैदानाचा दिवस म्हणजे खरं तर रात्र. उमेदवारांना मध्यरात्रीनंतर आत घेतात. कोल्हापुरात भरती असली की रस्त्याकडेला पोरं पिशवी उशाला घेऊन पडलेली असतात. जेवणाची सोय करायला संस्था पुढं येतात. मग १६०० मीटर. चारशेच्या ट्रॅकवर चार फेऱ्या. साडेपाच मिनिटांच्या आत आलं तर ६० पैकी ६० गुण. पहिल्या फेरीत सगळे जीव खाऊन पळतात, दुसरीत दम लागतो, तिसरीत खरं काय ते कळतं: तिथं अकॅडमीत शिकलेला पोरगा मुद्दाम मागं राहिलेला असतो आणि आता एकेकाला मागं टाकत सुटतो. शेवटी दोरी. वेळ संपली की जवान ट्रॅकवर आडवी दोरी धरतात. दोरीच्या अलीकडं राहिलेला पोरगा दोन पावलांनी राहिला की दोनशे मीटरनं, याला काही अर्थ उरत नाही.

त्यानंतर बीम: दहा पुलअप्सना ४० गुण, झटका न देता. नऊ फुटी खड्डा ओलांडायचा, झिगझॅग पट्टीवर तोल सांभाळायचा, हे फक्त पास व्हायचं. मग उंची, महाराष्ट्रातल्या जीडी उमेदवाराला १६८ सेंटिमीटर, आणि छाती ७७, फुगवून आणखी ५. यातून पार पडलेल्यांची गाळण मेडिकलला होते. सपाट तळवे, गुडघ्याला गुडघा लागणं, नाकाचं वाकडं हाड. दंडावर हौसेनं काढलेला टॅटूही आड येतो. मनगट ते कोपर या आतल्या बाजूला चालतो, दंडावर चालत नाही. हे पोराला गोंदवायच्या आधी कोणी सांगत नाही.

इथं अकॅडम्यांचा धंदा उभा राहतो. तालुक्याच्या गावात शेड, वसतिगृह, मैदान आणि दारावर निवड झालेल्यांचे फोटो. काही खरोखर चांगल्या आहेत, माजी सैनिक मनापासून चालवतात. काही ठिकाणी मात्र पोराची उंचीच दोन सेंटिमीटर कमी असताना फी घेऊन वर्षभर पळवतात. त्याहून वाईट ते एजंट, 'वरून सेटिंग आहे' सांगून लाखो रुपये घेणारे. २०२१ च्या फेब्रुवारीत पेपर फुटल्यामुळं लष्कराची लेखी परीक्षा ऐन वेळी रद्द करावी लागली होती आणि त्यात पुण्यातून अटका झाल्या होत्या. 'सेटिंग' म्हणजे शेवटी काय असतं ते त्यातून दिसलं.

चार वर्षांचा करार

जुन्या पद्धतीत शिपाई पंधरा-सतरा वर्षं काढायचा, पस्तिशीच्या आसपास पेन्शन घेऊन यायचा, कॅन्टीनचं कार्ड, दवाखाना, आणि राज्य सरकारी नोकरीत माजी सैनिकांसाठी राखीव जागा. अग्निवीराचं तसं नाही. चार वर्षं, प्रशिक्षण धरून. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार, त्यांना पुढं किमान पंधरा वर्षं सेवा. पेन्शन मोजताना आधीची चार वर्षं धरत नाहीत, आणि सेवा निधीतला सरकारचा वाटाही त्यांना मिळत नाही. उरलेले ७५ टक्के बावीस-पंचविशीत घरी. त्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिक हा दर्जाही नाही.

मग पोरं अजून का पळतात? कारण जुनी नोकरी आता कुणालाच मिळत नाही, त्यामुळं तिच्याशी तुलना करून उपयोग नाही. तुलना गावात जे शिल्लक आहे त्याच्याशी आहे. पण एक बदल स्पष्ट दिसतो. पूर्वी मिलिटरी पहिली पसंती आणि पोलीस दुसरी असायची. आता एकच पोरगा दोन्हीची तयारी करतो आणि मनातून पोलीस धरतो, कारण ती नोकरी अठ्ठावनपर्यंत आहे आणि वयाची मर्यादा खुल्या प्रवर्गाला अठ्ठावीस, मागासवर्गाला तेहतीस. १६०० मीटर दोन्हीकडं आहेच.

सरकारनं २०२२ मध्ये बाहेर पडणाऱ्यांसाठी निमलष्करी दलांत १० टक्के जागा आणि वयात सवलत जाहीर केली. दहावीवर गेलेल्याला मुक्त विद्यालयी संस्थेमार्फत बारावीची समकक्षता, आणि इग्नूची अशी पदवी, जिच्यात निम्मे गुण लष्करातल्या प्रशिक्षणाचे धरले जातात. कागदावर हे चांगलं आहे. माझी शंका वेगळी आहे: सियाचीनला किंवा अरुणाचलला तैनात असलेला विशीतला पोरगा उरलेले निम्मे गुण कधी मिळवणार? ज्यानं निघण्याआधी बारावी नीट केली, ज्याच्या युनिटमधला एखादा साहेब परीक्षेचे फॉर्म भरून घेतो, त्याचं जमेल. बाकीचे परत आल्यावर पंचविशीला पुन्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या रांगेत असतील. फक्त खात्यात अकरा-बारा लाख असतील, आणि ते घराच्या स्लॅबमध्ये किंवा ट्रॅक्टरमध्ये जायला वेळ लागत नाही. लष्करातली पहिली तुकडी २०२२ च्या डिसेंबर अखेरीस प्रशिक्षणाला गेली. तिची चार वर्षं २०२६-२७ च्या सांध्यावर पूर्ण होतात. ती पोरं काय करतात यावर पुढच्या पोरांचा निर्णय ठरेल, योजनेच्या माहितीपत्रकावर नाही.

ज्याची माहिती मैदानावर पोचत नाही

एक गोष्ट मला फार खटकते. 'कॉलेज की सैन्य' हा प्रश्न फक्त शिपायाच्या वाटेवर आहे. अधिकाऱ्याच्या वाटेवर तो नाहीच. पुण्याच्या खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, एनडीएत, बारावीनंतर गेलेला कॅडेट तीन वर्षांत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडतो, आणि खर्च सरकारचा. २०२२ पासून मुलीही जातात. लष्करी शाखेसाठी बारावी कुठल्याही शाखेतून चालते. नौदल आणि हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. यूपीएससीची ही परीक्षा वर्षातून दोनदा होते, वय साडेसोळा ते साडेएकोणीस.

एनडीए आपल्याच राज्यात, पण अपशिंग्याच्या किंवा टाकळीच्या पोराला १६०० मीटरची सगळी गुणपत्रिका तोंडपाठ असते आणि एनडीएचा फॉर्म बारावीत असतानाच भरता येतो हे माहीत नसतं. अडचण नुसती माहितीची नाही, हे खरं. पेपर इंग्रजी-हिंदीत, गणित ३०० गुणांचं, नंतर पाच दिवसांची मुलाखत. मराठी माध्यमाच्या पोराला यातलं इंग्रजी पहिल्याच पायरीवर अडवतं, आणि त्यासाठी दहावीच्या आधीपासून तयारी लागते. राज्य सरकार छत्रपती संभाजीनगरला सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था चालवतं, तिथं दहावीनंतर दोन वर्षं याचीच तयारी करून घेतात. मुलींसाठी नाशिकला २०२३ पासून अशी संस्था आहे. घरात कोणी नववी-दहावीत असेल आणि पहाटे पळायला लागलं असेल, तर त्या संस्थेच्या प्रवेश परीक्षेची जाहिरात कधी निघते ते आत्ताच बघून ठेवा. दहावीचा निकाल लागल्यावर शोधायला गेलात तर अर्जाची तारीख गेलेली असते.